हापूसची तपासणी आणि फवारणाऱ्याचे रक्त

रत्नागिरीचा हापूस युरोपच्या बाजारात जावयाचा असेल तर त्याला पुष्कळ परीक्षा द्याव्या लागतात. ज्या बागेतून तो उतरविला, तिची 'मँगोनेट' या व्यवस्थेत नोंद असावी लागते. कोणते औषध केव्हा फवारले याचे टिपण ठेवावे लागते. फळाचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि त्यात कीटकनाशकाचा अंश किती राहिला हे मोजले जाते. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याबाबत युरोपची मर्यादा दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग, इतकी बारीक आहे. हे सारे योग्यच आहे. खाणाऱ्याच्या पोटात विष जाऊ नये, मग तो खाणारा लंडनचा असो वा लांज्याचा. (लांज्याच्या खाणाऱ्यासाठी अशी तपासणी होत नाही, हा भाग निराळा.) प्रश्न एवढाच की, ज्या माणसाने झाडाखाली उभे राहून ते औषध मारले, त्याच्या शरीरात त्या औषधाने काय केले हे मोजण्याची तसदी या साऱ्या यंत्रणेत कोणी घेतली आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकात शोधण्याचे कारण नाही. ते अर्थकारणात आहे. निर्यातीचा माल परत आला तर निर्यातदार बुडतो, परकीय चलन बुडते आणि दिल्लीत पत्रव्यवहार सुरू होतो. २०१४ च्या मे महिन्यात फळमाशी सापडल्याच्या कारणावरून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दरवाजा बंद केला, तेव्हा सारी सरकारी यंत्रणा खडबडून जागी झाली आणि २०१५ च्या आरंभी तो दरवाजा पुन्हा उघडला. एका माशीने जे साधले, ते फवारणाऱ्याच्या थरथरणाऱ्या हातांना आजवर साधलेले नाही. के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चाची मीमांसा करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, उत्पादनाचा जो खर्च उत्पादक स्वतः सोसत नाही तो नाहीसा होत नसतो. तो तिऱ्हाइताच्या, आणि बहुधा दुबळ्याच्या, माथी मारला जातो. हापूसच्या पेटीच्या भावात खत आहे, औषध आहे, राखण आहे, पेंढा आणि खोका आहे, वाशीच्या दलालाची दलाली आहे. फवारणाऱ्याच्या मज्जासंस्थेची झीज त्यात नाही. आणि ती नाही याचे पहिले कारण हे की, ती कोणी मोजलेलीच नाही.

वस्तुतः ती मोजता येते, आणि मोजण्याची रीत जुनी आहे. मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप अॅसिटिलकोलिन नावाच्या द्रव्यामार्फत पोचतो. निरोप पोचला की ते द्रव्य तत्काळ मोडले गेले पाहिजे. नाहीतर स्नायू सैल पडणार नाही, लाळ आणि घाम थांबणार नाही, श्वासनलिकेत स्राव साचत राहील. मोडण्याचे काम कोलिनेस्टरेज हे विकर करते. ऑर्गॅनोफॉस्फरस आणि कार्बामेट या दोन वर्गांची कीटकनाशके नेमके याच विकराला जखडून टाकतात. तुडतुडा त्यानेच मरतो आणि माणूसही त्यानेच मरतो. अंतर मात्रेचे असते. हे विकर रक्तातील तांबड्या पेशींवरही असते आणि त्याचे भावंड रक्तद्रवात असते. त्यामुळे मेंदूत किंवा स्नायूत काय घडले असावे, याचा अंदाज दंडातून काढलेल्या थोड्याशा रक्तावरून बांधता येतो. १९६१ साली एलमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यासाठी रंगाची एक सोपी पद्धत दिली. रक्तात विकर जितके शाबूत, तितका पिवळा रंग अधिक. याला अणुभट्टी लागत नाही.

आता बागेत काय होते ते पाहावे. हापूसचे जुने झाड वीस-तीस फूट उंच असते. एचटीपी पंपाची नळी बांबूला बांधून खालून वर औषध मारले जाते. वर मारलेले सगळे वर राहत नाही; तुषार खाली येतात ते मारणाऱ्याच्या तोंडावर, मानेवर, उघड्या हातांवर. पालवी फुटल्यापासून फळ धरेपर्यंत तुडतुडे, भुरी आणि फुलकिडे यांच्यासाठी साधारण पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने अर्धा डझन तरी फवारण्या होतात आणि हवामान बिघडले तर त्याहून अधिक. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या मोहोर संरक्षणाच्या वेळापत्रकात क्विनॉलफॉस आणि डायमेथोएट ही नावे वर्षानुवर्षे होती, आणि दोन्ही ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातली आहेत. त्याच्या आधीच्या पिढीत तुडतुड्यांवर कार्बारिल मारले जाई. हे तेच कार्बारिल, जे 'सेव्हिन' या नावाने बनविण्यासाठी भोपाळच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेट साठविलेले होते. भोपाळ १९८४ साली घडले. कार्बारिलवर भारतात बंदी आली ती २०१८ साली.

येथे एक शारीरिक हिशेब ध्यानात घ्यावयास हवा. तांबड्या पेशीवरचे विकर ऑर्गॅनोफॉस्फरसने एकदा पक्के जखडले की ते सुटत नाही. नवी पेशी तयार होईल तेव्हाच नवे विकर येते. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. म्हणजे भरपाई दिवसाला एक टक्क्याच्या आसपास. पंधरवड्यात पंधराएक टक्के भरून निघतात. एका फवारणीत त्याहून अधिक गेले आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तोच माणूस पंपावर उभा राहिला, तर खात्यावरची बाकी वाढतच जाते, सावकाराच्या वहीत वाढते तशी. शिवाय पंधरा दिवसांचा खाडा झाडाला असतो, मजुराला नसतो. बागा राखण्यासाठी आणि फवारण्यासाठी दरवर्षी हजारो नेपाळी मजूर कोकणात उतरतात. त्यांच्यापैकी फवारणीवर असलेला मजूर आज या बागेत, तर उद्या शेजारच्या बागेत असतो. डोके दुखते, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. फाल्गुन-चैत्रातील उन्हात त्याला 'ऊन लागले' असे म्हणतात आणि काम पुढे चालू राहते. विकराचा बराचसा भाग गेला तरी लक्षणे दिसतीलच असे नाही, आणि घातक म्हणावयाचे ते हेच.

म्हणूनच येथे नुसते मोजणे पुरत नाही. घट मोजावी लागते. या दोहोंतला फरक न कळल्यामुळे, किंवा कळूनही न कळल्यासारखे केल्यामुळे, कित्येक अहवाल निरुपयोगी ठरतात. कोलिनेस्टरेजची पातळी माणसामाणसांत फार वेगळी असते. कुपोषणाने आणि यकृताच्या विकाराने रक्तद्रवातील पातळी मुळातच उतरलेली असते. त्यामुळे प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली 'सामान्य' मर्यादा अतिशय रुंद असते. समजा, ती पाच हजारांपासून बारा हजार एककांपर्यंत आहे. समजा, एका मजुराची पातळी फवारणीपूर्वी अकरा हजार होती आणि मार्चमध्ये ती सहा हजारांवर आली. कागदावर शेरा पडेल, 'सामान्य'. प्रत्यक्षात त्याचे पंचेचाळीस टक्के विकर गेलेले आहे. ही घट कळण्याचा मार्ग एकच: हंगामापूर्वी, अंगाला औषध लागण्याआधी, त्याच माणसाचे रक्त तपासून त्याचा आधारांक टिपून ठेवणे. आधारांक नसेल तर मार्चमधील तपासणी म्हणजे प्रारंभीची शिल्लक न लिहिता मांडलेला ताळेबंद.

हे कुणा स्वप्नाळू समाजवाद्याचे म्हणणे नव्हे. भांडवलशाहीच्या माहेरघरात, कॅलिफोर्निया राज्यात, १९७४ पासून हा कायदा आहे. आधारांकाच्या ८० टक्क्यांखाली पातळी गेली की मालकाने कामाच्या पद्धतीची चौकशी करावयाची. तांबड्या पेशींतील पातळी ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातील ६० टक्क्यांवर आली की मजुराला फवारणीवरून काढून दुसरे काम द्यावयाचे, आणि पातळी पुन्हा ८० टक्क्यांवर जाईपर्यंत त्याला परत आणावयाचे नाही. वरच्या उदाहरणातील मजूर, ज्याच्या कागदावर आपल्याकडे 'सामान्य' असा शेरा पडला, तो कॅलिफोर्नियात त्याच दिवशी पंपावरून उतरविला गेला असता.

त्याहून बोलके उदाहरण वॉशिंग्टन राज्याचे आहे, कारण तो सफरचंदांचा प्रदेश आहे आणि तेथेही प्रश्न फळबागांचाच होता. तेथील शासनाने ही तपासणी ऐच्छिक ठेवली होती. ऐच्छिक म्हणजे मालकाच्या इच्छेची. अखेर बागेतील मजूर न्यायालयात गेले; २००२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २००४ पासून तपासणी सक्तीची झाली. पहिल्याच हंगामात, पुन्हा तपासलेल्या मजुरांपैकी साधारण पाचात एकाची पातळी आधारांकापेक्षा २० टक्क्यांहून अधिक उतरलेली आढळली. तोवर त्या बागांत सारे आलबेल असल्याचेच गृहीत होते. मोजमाप सुरू झाल्यावर पुढच्या वर्षांत हे प्रमाण उतरले. बागा बुडाल्या नाहीत. सफरचंदे आजही येतात.

भारतात कायदा नाही असे कोणी समजू नये. १९५८ साली केरळात फॉलिडॉल या विषाशेजारी जहाजातून आलेले पीठ खाऊन शंभरांहून अधिक माणसे मेली. त्यावर चौकशी आयोग बसला आणि दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा झाला. त्याखालील १९७१ च्या नियमांतील सदतिसावा नियम वाचण्यासारखा आहे. कीटकनाशकाच्या निर्मितीत वा फवारणीत गुंतलेल्यांची कामावर घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करावी, पुढे ठरावीक मुदतीने करीत राहावी, त्याच्या नोंदवह्या ठेवाव्यात आणि ऑर्गॅनोफॉस्फरस वा कार्बामेट हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज दरमहा मोजावे, असे तो सांगतो. कॅलिफोर्नियाच्याही तीन वर्षे आधी भारताने हे लिहून ठेवले! लिहून ठेवण्याच्या बाबतीत या देशाचा हात कोणी धरणार नाही.

मग बागेत तपासणी का नाही? कारण त्याच कायद्याच्या अडतिसाव्या कलमात एक पळवाट ठेवलेली आहे. स्वतःच्या कसणुकीखालील जमिनीवर कोणी कीटकनाशक वापरले तर त्याला हा कायदा लागूच नाही. शेतकऱ्यामागे निरीक्षकाचा ससेमिरा लागू नये, हा त्यामागील हेतू असेल तर तो समजण्यासारखा आहे. परंतु घरच्या परसात पंप मारणारा शेतकरी आणि शेकडो कलमांची बाग खंडाने घेऊन मजुरांकरवी औषध मारून घेणारा ठेकेदार, या दोघांना एकाच सवलतीच्या छत्रीखाली घेणे हा हेतू कोणाचा? परिणाम असा की, लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीत कीटकनाशक बनविणाऱ्या कामगारासाठी निदान कागदावर मासिक तपासणी आहे, आणि त्याच जिल्ह्यातील बागेत तेच द्रव्य अंगावर घेणाऱ्या मजुरासाठी कागदही नाही. बागेतील फवारणाऱ्यांच्या कोलिनेस्टरेजची एक नोंदवही, हंगामापूर्वीच्या आणि हंगामानंतरच्या आकड्यांसह, जिल्ह्यातील कोणा अधिकाऱ्याने पुढे आणावी. ती मिळाली तर हा लेख मागे घेण्यास हरकत नाही.

न मोजण्याची किंमत काय असते ते विदर्भाने दाखविले. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले, कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. विशेष चौकशी पथक नेमले गेले. तेव्हा उघडकीस आले की, कोलिनेस्टरेज तपासण्याची सोयही तेथे धड नव्हती. म्हणजे घट मोजणे दूरच, मरणाच्या दारातील माणसाला कोणत्या वर्गाचे विष चढले आहे हे सांगणारी साधी चाचणीही नाही. या कायद्याचे सव्विसावे कलम विषबाधेची प्रत्येक घटना कळविणे सक्तीचे करण्याचा अधिकार राज्य सरकारला देते. अधिकार आहे, तो वापरण्यासाठी केंद्राकडे बोट दाखविण्याची सोय नाही.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर एक ठरलेले नाटक होते. कंपन्यांचे प्रतिनिधी आणि कृषिखात्याचे अधिकारी गावात येतात, हातमोजे, चष्मे, मुखपट्ट्या वाटतात, 'सुरक्षित वापरा'वर व्याख्यान देतात, छायाचित्र काढतात आणि जातात. पुढे कोणाला बाधा झाली तर उत्तर तयारच असते: त्याने मुखपट्टी बांधली नव्हती. कोकणच्या दमट उष्म्यात जाड अंगरखा, रबरी हातमोजे आणि चष्मा चढवून चार-सहा तास पंप मारून दाखविण्याचे आमंत्रण या व्याख्यात्यांना कोणी तरी द्यावे. थंड हवेच्या देशासाठी बेतलेला पोशाख मजुराच्या गळ्यात घालावयाचा आणि तो घातला नाही म्हणून दोषही त्याच्याच गळ्यात, असा हा व्यवहार आहे. या व्यवहाराची सुरुवात भाषेपासून होते. विषाला 'औषध' म्हणावयाचे आणि ते अंगावर घेणाऱ्याला 'निष्काळजी'.

आक्षेप येतील. बागायतदार सांगेल की, हापूसचे उत्पन्न बेभरवशाचे झाले आहे. अवेळी पाऊस, थंडीचा लपंडाव, फुलकिड्यांचा उपद्रव आणि कर्जाचे हप्ते यांत आणखी एक खर्च झेपणार नाही. लहान बागायतदाराच्या बाबतीत हे खरे आहे, आणि तो स्वतःच नळी धरून उभा असतो, तेव्हा रक्तही त्याचेच आहे. म्हणूनच खर्च त्याच्यावर घालण्याची गरज नाही. जो विष बनवितो आणि विकतो त्याच्या प्रत्येक लिटरवर उपकर बसवावा आणि त्यातून तपासणी चालवावी.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. औषधे बदलली, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, लॅम्डा सायहॅलोथ्रिन ही आजची नावे कोलिनेस्टरेजला हात लावीत नाहीत, तेव्हा जुन्या मापाने काय कळणार? मोनोक्रोटोफॉसचा, म्हणजे २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून २३ मुलांचा बळी घेणाऱ्या द्रव्याचा, प्रचलित द्रवरूप प्रकार २०२३ च्या आदेशाने बंद होण्याच्या वाटेला लागला, हेही खरे. पण या आक्षेपाचा अर्थ नीट पाहिला तर तो न मोजण्याचे समर्थन करीत नाही. पन्नास वर्षे ज्या द्रव्यांचे माप हाती होते ती द्रव्ये न मोजता वापरली. आता ज्यांचे माप सोपे नाही अशी द्रव्ये आली, म्हणून पुन्हा न मोजताच वापरावयाची? जेथे रक्त बोलत नाही तेथे लघवीतील अवशेष तपासता येतात. आणि ऑर्गॅनोफॉस्फरस वर्ग बाजारातून संपलेला नाही. क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस यांवरील निर्बंध काही पिकांपुरतेच आहेत.

'ग्रामीण भागात हे जमणार नाही' हा तिसरा आक्षेप कोकणाने तरी करू नये. महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून रक्तदाब आणि हृदयाची गती टिपली, आणि त्या टिपणांतून प्राझोसिनचा उपचार उभा राहिला. चाळीस टक्क्यांच्या घरातील मृत्यूचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत आले. त्यांच्यापाशी कोणती मोठी प्रयोगशाळा होती? रत्नागिरीत तर जिल्हा रुग्णालय आहे, २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, आणि ते दापोलीच्याच विद्यापीठाचे आहे. तेथे तर काम आणखी पुढे नेता येईल. कारण हेच विकर मासळीच्या आणि पाखरांच्या मेंदूतही असते, आणि त्याची घट हे पर्यावरणातील विषाचे मान्यताप्राप्त माप आहे. १९९५-९६ च्या सुमारास अर्जेंटिनात मोनोक्रोटोफॉसने हजारो ससाणे मेले, तेव्हा दोषी कोण हे ठरविण्यात मेलेल्या पाखरांतील कोलिनेस्टरेजची घट हा पुरावा होता. फवारणीचे वेळापत्रक देणाऱ्या विद्यापीठाने बागांखालच्या वहाळांतील आणि खाड्यांतील मासळीचे आकडेही द्यावेत. एकाच संस्थेच्या दोन विभागांनी परस्परांशी बोलण्यास शासननिर्णय लागू नये.

एका गोष्टीकडे मात्र डोळेझाक करून चालणार नाही. मजुरीचे संरक्षण न देता तपासणी सुरू केली तर ती मजुराच्याच मुळावर येईल. ज्याची पातळी उतरली त्याला मुकादम दुसऱ्या दिवशी घरी पाठवील, आणि मग कोणताही शहाणा मजूर रक्त देणार नाही. वॉशिंग्टनमध्ये फवारणीवरून काढलेल्या मजुराची मजुरी तीन महिन्यांपर्यंत चालू ठेवण्याची अट त्यासाठीच आहे. येथे ती अट खंडकऱ्यावर आणि उपकराच्या निधीवर मिळून घालावी लागेल, आणि अडतिसाव्या कलमातील सवलत स्वतःच्या हाताने फवारणाऱ्यापुरती मर्यादित करावी लागेल. २०२० साली राज्यसभेत कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक मांडले गेले तेव्हा खासदारांना ही संधी होती. ज्यांना कोकणातून मते हवी असतात त्यांनी नव्या मसुद्यांत तरी हे कलम उघडून पाहावे.

नेपाळचे मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास येऊ लागतात. पहिली फवारणी मोहोर फुटण्याआधी, पालवीवरच, होते. या दोहोंमधले थोडे आठवडे आधारांक घेण्याचे आहेत. रक्त प्राथमिक आरोग्य केंद्रात घ्यावे, तपासावे रत्नागिरीत. एक आकडा केंद्राच्या वहीत राहावा आणि तोच आकडा पत्रकावर लिहून मजुराच्या हाती द्यावा. नेपाळीची लिपीही देवनागरीच आहे. मार्चमध्ये दुसरा आकडा आला की कोणता मोठा आणि कोणता लहान, हे त्याला कोणी वाचून दाखवावे लागणार नाही.